दोन सीटा, तीन माणसं

पत्र : सहा वर्षांपूर्वी मी माझदा एमएक्स-५ ही टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स गाडी घेतली. तोवरची सगळी बचत त्यात घातली. रविवारी पहाटे टप उघडून निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, हा माझा नेम आजवर फारसा चुकलेला नाही. आता बायकोला सहावा महिना लागलाय. मित्र म्हणतात, विकून टाक आणि मोठी एसयूव्ही घे. मला एक टू-प्लस-टू कूपे मिळतेय. तिला मागे दोन सीटा आहेत, त्यामुळे दोन्ही साधेल असं वाटतं. कधी वाटतं, आहे ती ठेवावी आणि जोडीला एखादी जुनी साधी गाडी घ्यावी. बायकोला विचारलं तर म्हणते, "तुझी गाडी आहे, तू ठरव." एका गाडीपायी माझी झोप उडालीय आणि त्याचीच लाज वाटते. बाप व्हायचं म्हणजे हे सगळं सोडायचंच का? सोडायचं तर कसं? आणि विकायच्या आधी शेवटची एक फेरी मारावी असं मनात आहे, तो वेडेपणा ठरेल का?
– होऊ घातलेला बाबा

उत्तर :

लाज आधी बाजूला ठेवा. सहा वर्षं तुम्ही एका गोष्टीची काळजी घेतलीत, ती शिकलात, तिच्यासाठी पहाटे उठलात. तिच्यात जीव गुंतणारच. जो माणूस गाडीची सर्व्हिस चुकवत नाही, तो लसीची तारीखही चुकवणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

मात्र तुमच्या पत्रात एक प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर गाडीच देऊन मोकळी झालीय. एमएक्स-५ १९८९ साली आली तेव्हापासून ती दोन सीटांचीच आहे. घरात माणसं होणार तीन. बाळाला शेजारच्या सीटवर बसवलं तर आई घरी राहणार, आई बसली तर बाळ. शिवाय तान्ह्या बाळाचं सीट मागे तोंड करून बसवायचं असतं आणि सुरू असलेल्या एअरबॅगसमोर ते कधीही, अगदी कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी, बसवायचं नसतं. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि तिचा सगळा दणका त्या सीटच्या पाठीवर, पर्यायाने बाळाच्या डोक्यावर बसतो. काही गाड्यांत ती बंद करता येते, तुमच्या गाडीत येते का ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल. पण आली तरी तिसऱ्या माणसाचा प्रश्न उरतोच. तेव्हा 'हीच गाडी चालेल का' हा विषय इथे संपला. उरतं ते हे, की ती द्यायची कशी आणि तिच्या जागी काय आणायचं. माझ्या मते तुमची झोप या दुसऱ्या प्रश्नाने उडवलीय.

ज्या कूपेकडे तुमचा डोळा आहे तिच्याबद्दल मी स्पष्टच लिहिते, कारण नेमकी हीच चूक मी केलेली नाही, पण तिच्या उलट टोकाची केलीय आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. टू-प्लस-टूमधलं ते 'प्लस' नीट वाचा. मागच्या सीटा त्यात अधिकच्या म्हणून असतात. त्या आहेत म्हणून तिथे माणूस बसतो असं नाही. मोठ्या माणसाचे गुडघे तर तिथे मावत नाहीतच, पण अडचण त्याहून वेगळी आहे. मागे तोंड करून बसणारं बाळाचं सीट लांबीला भरपूर जागा घेतं. ते बसवायला पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. तसं बसणं त्रासाचं आहे आणि अपघातात घातकही. आणि हे काही दोन-तीन महिन्यांचं काम नाही. जिथे आर १२९ हा मुलांच्या कार-सीटांचा मानक नियम लागू आहे तिथे बाळाला निदान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवावं लागतं. स्वीडनमध्ये तर चार वर्षांच्या आसपासपर्यंत मुलांना तसंच बसवायची पद्धत आहे. त्यामागचं कारण साधं आहे. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव असतं आणि मान अजून तयार झालेली नसते. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी थांबतं, डोकं मात्र पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ यांना सीटची पाठ एकदमच झेलते.

आता कूपेचं दार डोळ्यांसमोर आणा. दोनच दारं, म्हणून ती लांब. दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती अर्धीच उघडतात. पुढची सीट कलवायची, कमरेत वाकायचं, छत खाली म्हणून मानही वाकवायची आणि हातावर झोपलेलं नऊ-दहा किलोचं बाळ तिरकं करून त्या फटीतून आत न्यायचं. ते हळूच ठेवायचं, खांद्यावरचे पट्टे ओढायचे, बक्कल लावायचं. पाऊस असेल तर तुमची पाठ बाहेर भिजत असते. हे दिवसातून चार वेळा. आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे हे वाकणं तुमच्या बायकोला मुळीच झेपणार नाही. वर्षभराच्या आत ती कूपे तुम्ही विकायला काढाल आणि दोन व्यवहारांत दोनदा पैसे घालवून बसाल.

उलट टोकाची चूक माझी. माझ्या मोठ्या मुलाच्या वेळी माझ्याकडेही एक दोन दारांची, चालवायला फार गोड गाडी होती. 'आई झालीस, आता शहाणी हो' असं कुणी म्हणायच्या आधी मीच स्वतःला ते म्हटलं आणि पंधरा दिवसांत ती देऊन टाकली. बदल्यात शोरूममधली सगळ्यात उंच, सगळ्यात मोठी गाडी घेतली. टेस्ट ड्राइव्ह घेतली ती शोरूमच्या आवारातच, एक चक्कर. आपल्याला काय आवडतं हे विचारणंसुद्धा मला तेव्हा स्वार्थ वाटत होता. त्या गाडीत वाईट काहीच नव्हतं. पण वळणावर ती झुकायची, स्टिअरिंगमधून हाताला काही कळायचं नाही आणि किल्ली उचलताना मला कंटाळा यायचा. मुलाला घेऊन बाहेर पडणंच मी टाळायला लागले. दीड वर्षाने ती विकली तेव्हा बरेच पैसे गेले, कारण नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सगळ्यात जास्त उतरते. तिच्यानंतर घेतलेली गाडी बुटकी, लांबट, पाच दारांची होती आणि ती मी अकरा वर्षं चालवली.

म्हणून माझा सल्ला हा : एमएक्स-५ द्या, पण तिच्या जागी प्रायश्चित्त म्हणून काही आणू नका. जी आणाल ती बाळाचं सीट नीट बसणारी हवीच आणि तुम्हाला चालवावीशीही वाटायला हवी. तुम्ही या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध धरून बसलाय. तशा त्या नाहीत. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ जीटीआय बाजारात आणली ती याच विचाराने, की घरची हॅचबॅक अंगात दम घेऊन का असू नये. १९९४ मध्ये व्होल्व्होने ८५० ही इस्टेट गाडी, म्हणजे लांब डिकीची घरगुती गाडी, ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत शर्यतीला उतरवली. त्याच वर्षी ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस२ अवांत काढली, तीही इस्टेटच. तुम्ही याच गाड्या शोधा असं नाही. डिकी मोठी झाली की मजा संपते हा समज किती जुना आणि किती चुकीचा आहे, ते कळावं म्हणून सांगितलं.

तुमचे मित्र एसयूव्ही म्हणतात. उंच सीटवर बाळाला ठेवायला कमी वाकावं लागतं, तो मोठाच फायदा आहे आणि कुणाची पाठ दुखरी असेल तर तेवढ्यासाठीही ती घ्यावी. पण तुम्ही जमिनीलगत बसून, साधारण एक टन वजनाची, बोटाच्या इशाऱ्यावर वळणारी गाडी सहा वर्षं चालवलीय. उंच आणि जड गाडी तुम्हाला पहिल्याच वळणावर परकी वाटेल, कारण वजन वर गेलं की अंग झुकणारच, ते कितीही स्प्रिंग लावून पूर्ण जात नाही. माझा कल तुमच्यासाठी चांगल्या सस्पेन्शनच्या पाच दारी हॅचबॅककडे किंवा इस्टेटकडे आहे. जागेचं म्हणाल तर नव्या एमएक्स-५ची डिकी १३० लिटरची आहे, गोल्फची ३८०च्या घरात आणि स्कोडा ऑक्टाव्हियाच्या इस्टेटची ६४०. छत एसयूव्हीपेक्षा बुटकं आणि जागा एमएक्स-५च्या जवळपास पाचपट.

लिटरवर फार जाऊ मात्र नका. बघायला जाताना बाळाचं सीट आणि बाबागाडी आधी विकत घ्या आणि दोन्ही सोबत न्या. शोरूमवाले हसतील, हसू देत. डिकीचं तोंड किती रुंद आहे, उंबरठा किती उंच आहे, बाबागाडी चाकं न काढता आडवी जाते की दर वेळी चाकं काढावी लागतात, हे कागदावर कुठेच छापलेलं नसतं. मग मागच्या सीटच्या सांध्यात हात घाला. पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाचं सीट गाडीला अडकवायचे, दोन लोखंडी आकडे बोटांना लागायला हवेत, कुशनमध्ये खोल गाडलेले नकोत. बाळाच्या सीटला खाली टेकणारा पाय असेल तर गाडीच्या फरशीत सामान ठेवायचा कप्पा आहे का ते बघा. कप्प्याचं झाकण पोकळ असतं आणि त्यावर तो पाय टेकवायला बऱ्याच गाड्यांत मनाई असते. हे विक्रेत्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं, म्हणून मॅन्युअल उघडून दाखवायला सांगा.

सीट बसलं की तुमच्यापैकी जो उंच असेल त्याने पुढच्या सीटवर आपल्या नेहमीच्या बैठकीत बसावं. गुडघे मोकळे राहिले तर गाडी पास. हेच ड्रायव्हरच्या मागे सीट लावूनही करा, कारण उद्या दुसरं मूल झालं किंवा एका बाजूचं दार भिंतीला लागलं तर ती बाजू लागेलच. तीच गाडी मग रस्त्यावर न्या, निदान अर्धा तास, वळणांच्या आणि खराब रस्त्यावर, बायकोला मागे बसवून. तुमच्या हातांना काय कळतं ते तुम्ही बघा आणि मागे किती हिसके बसतात ते तिला सांगू द्या. पाठीमागून आलेला निकाल मोठ्या चाकांचं आणि चपट्या टायरांचं वेड पुष्कळ उतरवतो.

बाळाचं सीट सेकंड हँड घेऊ नका, ज्याचा पूर्ण इतिहास तुम्हाला माहीत आहे असं घरातलं असेल तरच. अपघातातून गेलेलं सीट बाहेरून धडधाकट दिसतं. गाडी मात्र दोन-तीन वर्षं वापरलेली जरूर घ्या. किमतीतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

आता ती ठेवून दुसरी घ्यायचा विचार. मोह मोठा आहे, मलाही होता. दोन गाड्यांचा विमा, दोन जागा, दोन सर्व्हिसिंग हे तुम्हाला जड नसेल तर माझी काहीच हरकत नाही. फक्त एक गोष्ट खरी धरून चला. पहिलं वर्षभर रविवारची पहाट तुमची नसेल. रात्रभर जागलेल्या बायकोला त्या दोन तासांत झोप हवी असेल आणि बाळ तुमच्या खांद्यावर असेल. गाडी उभी राहील. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. कापडी टप असेल तर ओलसर जागेत त्याला बुरशी धरते. आवडीची गाडी अशी झिजताना बघणं हे विकण्यापेक्षा वाईट. तुमच्याकडे कोरडी बंदिस्त जागा असेल आणि महिन्यातून दोनदा तिला नीट गरम होईपर्यंत चालवणारा माणूस असेल तरच ठेवा. नाहीतर ज्याला आज तिच्यासाठी पहाटे उठायचंय त्याच्या हाती द्या.

देताना घाई करू नका, अजून तीन महिने हातात आहेत. घरगुती गाड्या विकणाऱ्याकडे ती एक्स्चेंजला लावलीत तर भाव कमी येईल. तिचं गिऱ्हाईक त्याच्याकडे येत नाही, ती आवारात पडून राहील हे त्याला माहीत असतं आणि ती जोखीम तो तुमच्या किमतीतून कापतो. शौकिनाला थेट विकणं चांगलं. ते जमत नसेल तर स्पोर्ट्स गाड्यांचाच व्यवहार करणारा गाठा. एक्स्चेंज करायचंच ठरलं तर दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा : माझ्या गाडीचे किती देता आणि तुमची गाडी, माझी न घेता, कितीला देता. 'वरचे एवढे भरा' असा एकच आकडा पुढे केला तर थांबा. एका हाताने वाढवून दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलेलं त्यात दिसत नाही. टप उघडणाऱ्या गाडीला मोसमही असतो, मोकळी हवा सुरू व्हायच्या तोंडावर तिला मागणी येते. तुमच्या तीन महिन्यांत तो काळ येत असेल तर साधून घ्या, येत नसेल तर त्यासाठी थांबू नका.

शौकीन माणूस काय बघतो ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही स्वतः तेच बघितलं असेल. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेच्या क्रमाने लावा. दुसरी किल्ली शोधा. एक्झॉस्ट, स्प्रिंग असं काही बदललं असेल तर मूळचे भाग परत बसवा किंवा निदान सोबत द्या. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. घेणारा तो वाचणारच, म्हणून टायर जुने असतील तर आधी तुम्हीच सांगा. चालवून बघायला देताना परवाना बघा आणि शेजारी बसा. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय कागद देऊ नका. गाडी त्याच्या नावावर चढल्याचा पुरावा हाती आल्यावरच विमा बंद करा, नाहीतर उद्या त्याने मोडलेल्या सिग्नलचा दंड तुमच्या दारात येईल. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या.

बायकोचं राहिलं. "तुझी गाडी आहे, तू ठरव," यातला पहिला भाग तिने तुमच्यावरच्या मायेने म्हटलाय असं मला वाटतं. तुम्ही ती किती जपता हे तिने सहा वर्षं पाहिलंय आणि सोड म्हणणारी ती व्हायला नकोय. पण त्यामुळे नवी गाडीही तुम्ही एकटेच ठरवायला निघालाय आणि ते बरोबर नाही. तिला 'विकू का?' असं विचारू नका, ते ओझं तिच्यावर टाकल्यासारखं होतं. 'मी विकतोय, आता आपली कुठली घ्यायची ते तू आणि मी मिळून बघू,' असं सांगा. बाळाला उचलून आत ठेवणाऱ्या चार हातांपैकी दोन तिचे आहेत. दाराचं हँडल, सीटची उंची, डिकीचं झाकण तिच्या हाताला कसं लागतं हे तिलाच कळणार.

सगळं सोडायचंच का, असं तुम्ही विचारलंत. ही गाडी सोडायची, गाडी चालवण्याची आवड सोडायची नाही. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की पहाटेला पुन्हा जागा होते. दोन सीटांच्या जुन्या गाड्या तेव्हाही विकायला असतील आणि तोवर तुमच्याकडे शेजारी बसायला कुणीतरी आवडीने तयार होईल.

शेवटच्या फेरीत वेडेपणा कसला? पण एकटे जाऊ नका, आणि महिनाभराने तर नकोच. गाडी इतकी खाली आहे की सातव्या-आठव्या महिन्यात बायकोला आत बसणं आणि विशेषतः बाहेर येणं अवघड जाईल. डॉक्टरांची ना नसेल तर याच रविवारी जा, पहाटेच, तुमच्या नेहमीच्या रस्त्याने, सावकाश. निघण्याआधी तिचा सीटबेल्ट तुम्ही बघा. खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्या जिथे सुरू होतात तिथे कमरेच्या हाडांवर घट्ट बसवा. वरचा पट्टा खांद्यावरून दोन स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने खाली आणा. सीट शक्य तितकी मागे घ्या. मग टप उघडा.